देवाकडे तक्रार करावी का? : स्तोत्रसंहिता आणि ईयोब यांचा अभ्यास



दर रविवारी पवित्र मिस्सामध्ये पहिले वाचन संपले की आपण प्रतिसाद स्तोत्र म्हणतो. गायकवृंद एक ओळ गातो, आपण ती परत म्हणतो आणि दुसऱ्या वाचनासाठी सावरून बसतो. या दोन-तीन मिनिटांत आपल्या ओठांवर इस्राएलच्या लोकांची प्राचीन प्रार्थना येते. प्रभू येशूने लहानपणी हीच स्तोत्रे पाठ केली, पवित्र मरियेने आणि योसेफाने हीच स्तोत्रे म्हटली. तरीही बायबलमधील या काव्याचा आपल्यापैकी बहुतेकांशी परिचय तेवढ्या दोन-तीन मिनिटांपुरताच असतो.

आणि मग एखाद्या घरावर दुःख कोसळते. तरुण मुलगा अपघातात जातो. लग्नाला बारा वर्षे होऊनही पाळणा हलत नाही. कर्करोगाचे निदान होते. २०२० आणि २०२१ मधील कोरोनाच्या लाटेत कित्येकांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही नीट घेता आले नाही. अशा वेळी घरातील कोणी तरी हळूच विचारते, “देवाने असे का केले?” आणि लगेच स्वतःच घाबरून म्हणते, “असे विचारणे पाप तर नाही ना?” त्यानंतर अनेकांची प्रार्थनाच थांबते. कारण मनात जे आहे ते देवाला सांगायची भीती वाटते आणि जे मनात नाही ते तोंडाने म्हणवत नाही.

आजच्या पाठात आपण हाच प्रश्न घेऊन हिब्रू लोकांच्या धार्मिक काव्याकडे आणि ज्ञानसाहित्याकडे जाऊ या. त्यांचे उत्तर ऐकून आपल्याला धक्का बसेल, आणि पुष्कळ धीरही मिळेल.

१. हे ग्रंथ कोणते?

आपल्या कॅथलिक बायबलमध्ये जुन्या करारातील सात पुस्तके ‘ज्ञानग्रंथ’ म्हणून एकत्र ठेवली जातात : ईयोब, स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे, उपदेशक, गीतरत्न, शलमोनाचे ज्ञान आणि बेनसिरा. यांपैकी शेवटची दोन पुस्तके प्रॉटेस्टंट बंधुभगिनींच्या बायबलमध्ये नसतात. म्हणून घरातील बायबल कोणत्या आवृत्तीचे आहे हे एकदा पाहून घ्यावे. याशिवाय जेरुसलेमच्या विनाशावर रचलेले विलापगीत हे पुस्तक आहे, आणि संदेष्ट्यांच्या ग्रंथांचा मोठा भागही काव्यातच आहे.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. ती पाच भागांत विभागलेली आहेत आणि प्रत्येक भागाच्या शेवटी देवाची स्तुती येते. मोशेच्या पाच पुस्तकांशी या पाच भागांचा मेळ यहुदी परंपरेने फार पूर्वीच घातला. हिब्रू संहितेत ७३ स्तोत्रांच्या शीर्षकात दावीद राजाचे नाव आहे, इतर काहींवर आसाफ, कोरहाचे पुत्र, शलमोन, मोशे अशी नावे आहेत. ही स्तोत्रे एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नाहीत. मंदिरातील उपासना, युद्धे, बाबिलोनमधील बंदिवास आणि तेथून परत येणे अशा कित्येक पिढ्यांच्या अनुभवातून ती जमत गेली.

एक छोटी सूचना. जुन्या लॅटिन बायबलमध्ये स्तोत्रांचे क्रमांक बहुतेक ठिकाणी एकाने कमी असतात, कारण तेथे ९ आणि १० ही स्तोत्रे एकत्र धरली आहेत. ‘परमेश्वर मेंढपाळ’ या कल्पनेचे सुप्रसिद्ध २३वे स्तोत्र त्या मोजणीत २२वे होते. या पाठात आपण हिब्रू क्रमांक वापरले आहेत.

२. दोन ओळींची जोडी

आपल्या ओवी-अभंगांत यमक जुळते. हिब्रू काव्य यमकावर उभे नाही. त्याचा आधार आहे दोन ओळींची जोडी. पहिली ओळ एक गोष्ट सांगते आणि दुसरी तीच गोष्ट पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगते, किंवा तिच्या उलट बाजू दाखवते, किंवा तिला एक पाऊल पुढे नेते. रॉबर्ट लोथ या अँग्लिकन धर्मपंडिताने ऑक्सफर्ड येथे दिलेली व्याख्याने १७५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात त्याने ही रचना नीट उलगडून दाखवली आणि तेव्हापासून बायबलचे अभ्यासक तिला ‘समांतर रचना’ म्हणू लागले.

समजण्यासाठी आपण आपल्याच शब्दांत तीन साधी उदाहरणे करू. “पावसाने शेत भिजले, ढगांनी मातीची तहान भागवली” ही सारख्या अर्थाची जोडी झाली. “आळशाचे कुंपण मोडते, कष्टाळूची विहीर भरते” ही उलट अर्थाची जोडी. नीतिसूत्रांच्या पुस्तकात अशा जोड्या शेकड्यांनी सापडतात. “मी तुझ्या दारी आलो, दारी आलो आणि उंबऱ्यावरच बसून राहिलो” ही पुढे सरकणारी जोडी.

यात आपल्या फायद्याची एक गोष्ट आहे. यमक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेता येत नाही, पण विचारांची जोडी नेता येते. म्हणूनच हिब्रू स्तोत्रे ग्रीक, लॅटिन आणि शेवटी मराठीत आली तरी त्यांची चाल बरीचशी टिकून राहिली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले व ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, संपूर्ण प्रसिद्ध झाले. त्यांच्या आधी आणि नंतरही अनेकांनी हे काम केले. या सर्वांच्या मराठीत ही जोडी आपल्याला ऐकू येते.

प्रार्थनेच्या दृष्टीने या जोडीचे मोल आहे. दुःखी माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, हे आपण पाहतो. हिब्रू काव्य त्याला तसे सांगायला जागा देते. पहिल्या ओळीत जे पुरते बाहेर आले नाही ते दुसऱ्या ओळीत येते. म्हणून मिस्सामध्ये स्तोत्र वाचणाऱ्यांना आमची विनंती आहे की पहिल्या ओळीनंतर क्षणभर थांबावे. दुसरी ओळ ऐकणाऱ्याच्या मनात उतरायला तेवढा वेळ लागतो.

काही काव्ये हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेली आहेत. वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. ११९व्या स्तोत्रात प्रत्येक अक्षराची आठ वचने मिळून १७६ वचने होतात. विलापगीताचे पहिले चार अध्यायही याच क्रमाने चालतात. इ.स.पू. ५८७ मध्ये बाबिलोनी सैन्याने जेरुसलेम पाडले, मंदिर जाळले, लोकांना धरून नेले. त्या भयंकर आघाताचे वर्णन कवीने ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत जावे तसे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत केले. जणू तो म्हणतो की या दुःखातले काहीही मी देवापासून लपवणार नाही. या पुस्तकाचे हिब्रू नावच ‘एखा’ आहे. त्याचा अर्थ आहे ‘कसे?’ देवाला विचारलेला प्रश्न हेच एका पवित्र ग्रंथाचे नाव झाले.

३. विलापस्तोत्रे

स्तोत्रसंहितेचे हिब्रू नाव आहे ‘तहिल्लीम’, म्हणजे स्तुतिगीते. आता एक आश्चर्य पाहा. हेर्मान गुंकेल (१८६२-१९३२) या जर्मन अभ्यासकाने स्तोत्रांचे प्रकार पाडून अभ्यास केला. त्याच्या आणि नंतरच्या अभ्यासकांच्या मोजणीत थोडाफार फरक पडतो, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. या ‘स्तुतिगीतांच्या’ पुस्तकात सर्वांत मोठा गट विलापस्तोत्रांचा आहे. सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे रडणारी, विचारणारी, देवाकडे तक्रार करणारी आहेत. इस्राएलने ती बाजूला काढली नाहीत. ‘स्तुती’ या नावाखालीच ती जपून ठेवली.

अशा स्तोत्राची बांधणी पाहण्यासाठी १३वे स्तोत्र उघडा. ते अवघ्या सहा वचनांचे आहे. सुरुवातीलाच स्तोत्रकर्ता परमेश्वराला हाक मारतो आणि हे आणखी किती दिवस चालायचे हा एकच प्रश्न चार वेळा विचारतो. देव आपल्याला विसरला का, त्याने तोंड फिरवले का, मनातील काळजी कधी सरायची, शत्रू किती दिवस वरचढ राहायचा? पुढे तो मागणे मागतो : माझ्याकडे बघ, उत्तर दे, नाही तर मी मरून जाईन. आणि शेवटच्या दोन वचनांत तो देवाच्या दयेवर भरवसा व्यक्त करून गाण्याचे वचन देतो.

बहुतेक विलापस्तोत्रांत हीच पाच पावले दिसतात : देवाला हाक, तक्रार, मागणे, भरवसा आणि स्तुतीचे वचन. परिस्थिती बदलल्याचे स्तोत्रात कोठेही सांगितलेले नसते. शत्रू अजून तेथेच असतो, आजार तसाच असतो. तरी सांगणाऱ्याचे मन बदललेले असते, कारण त्याने सारे काही देवासमोर ठेवलेले असते. तक्रारीची पायरी ओलांडून भरवशाकडे उडी मारता येत नाही. आपण मात्र पुष्कळदा पहिल्याच दिवशी दुःखी माणसाकडून पाचव्या पायरीची अपेक्षा करतो.

४. ज्या स्तोत्राला शेवट नाही

पण सर्वांचा प्रवास सहा वचनांत पूर्ण होत नाही. ८८वे स्तोत्र वाचून पाहा. तरुणपणापासून दुखण्याने पिडलेला एक माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो. ओळखीचे लोक दूर गेले आहेत. मेलेली माणसे तुझी स्तुती करतात काय, असे तो देवाला तोंडावर विचारतो. त्या काळी मृत्यूनंतरच्या जीवनाविषयी आज आपल्याला आहे तशी स्पष्ट आशा नव्हती. अधोलोकात सारे काही मूक आणि अंधारे, अशी समजूत होती. म्हणून या प्रश्नाला अधिकच धार आहे. आणि स्तोत्र संपते ते अंधाराच्या उल्लेखाने. भरवशाचे वाक्य शेवटी येतच नाही.

मग हे बायबलमध्ये का ठेवले? कारण त्या माणसाने देवाशी बोलणे सोडले नाही. सुरुवातीला तो देवाला आपला तारणारा म्हणतो आणि शेवटच्या वचनापर्यंत त्याच्याशीच बोलत राहतो. धर्मगुरू आणि व्रतस्थ जी दैनिक प्रार्थना (ब्रेव्हिअरी) म्हणतात, तिच्यात हे स्तोत्र शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत येते. ज्या वारी आपला प्रभू मरण पावला त्या वाराच्या रात्री पवित्र सभा जगभर हे स्तोत्र म्हणते. ज्यांना त्या रात्री प्रार्थना करण्याचे बळ उरलेले नाही, त्यांचे शब्द पवित्र सभा आपल्या तोंडी घेते.

५. विलाप आणि कुरकुर

येथे कोणी विचारील, “पण इस्राएल लोकांनी रानात कुरकुर केली तेव्हा देव त्यांच्यावर रागावला ना?” हा प्रश्न योग्य आहे. निर्गम आणि गणना या पुस्तकांत ती हकिगत आहे. परंतु तेथे लोक आपापसांत आणि मोशेविरुद्ध बोलत होते, देवाकडे पाठ फिरवून मिसरला परत जाण्याची भाषा करत होते. स्तोत्रकर्ता देवाकडे तोंड करून बोलतो. कुरकुर देवाविषयी असते, विलाप देवापाशी असतो. आपण घरातही पाहतो की ज्याच्यावर हक्क वाटतो त्याच्याकडेच माणूस तक्रार करतो. परक्याकडे कोणी रुसत नाही. देवाने आपल्याशी करार केला आहे आणि तो शब्दाचा पक्का आहे, या विश्वासातूनच स्तोत्रकर्ता त्याला जाब विचारतो.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील हन्ना आठवा. मूल नाही म्हणून सवत तिला टोचून बोलते. ती शिलो येथील मंदिरात येते आणि रडत रडत मनातल्या मनात प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज येत नाही. एली याजकाला वाटते की ही बाई दारू प्यायली आहे! हन्ना नम्रपणे सांगते की आपण आपले मन परमेश्वरापुढे रिते करत आहोत. तेव्हा एलीला सत्य कळते आणि तो तिला आशीर्वाद देऊन पाठवतो. पुढे तिला शमुवेल होतो आणि ती जे स्तुतिगीत गाते त्याचे पडसाद पवित्र मरियेच्या स्तोत्रात उमटले आहेत. मंदिरात रडणाऱ्याला ओळखण्यात धर्मसेवकाचीही चूक होऊ शकते, हे बायबल लपवत नाही.

काही स्तोत्रांत शत्रूचा सूड उगवण्याची कठोर भाषा आहे आणि ती आपल्याला टोचते. १९७१ च्या सुधारित दैनिक प्रार्थनेत ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे म्हणूनच घेतलेली नाहीत. तरी ती बायबलमध्ये आहेत. अन्याय सोसलेल्या माणसाच्या मनात काय उकळत असते ते त्यांतून कळते. त्या माणसाने हाती शस्त्र घेतले नाही, आपला राग देवाच्या हवाली केला, एवढे आपण त्यांतून घ्यावे. शत्रूसाठी प्रार्थना करण्याचा पुढचा धडा प्रभू येशूने आपल्याला दिला.

६. ईयोब : धीराचा पुरुष की तक्रारीचा?

नीतिसूत्रे हे पुस्तक साधारणपणे सांगते की जो देवभीरू, कष्टाळू आणि प्रामाणिक असतो त्याचे चांगले होते आणि दुष्टाचा नाश होतो. मुलांना वाढवताना हे शिकवावेच लागते आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. पण प्रत्येक वेळी? या प्रश्नासाठी बायबलने नीतिसूत्रांच्या जोडीला आणखी दोन पुस्तके ठेवली. उपदेशक म्हणतो की नीतिमान आणि दुष्ट दोघांनाही एकच मरण गाठते. आणि ईयोबाच्या ग्रंथात तर एका निर्दोष माणसावर सारी संकटे कोसळतात.

ईयोबाच्या ग्रंथाला ४२ अध्याय आहेत. पहिले दोन गद्यात आहेत. तेथे ईयोबाची गुरेढोरे, चाकर, सात मुलगे व तीन मुली एका दिवसात जातात, मग अंगभर फोड उठतात, तरी तो देवाला दोष देत नाही. दुःखाच्या घरी आपण हाच ईयोब सांगतो : ज्याने दिले त्यानेच नेले असे म्हणून देवाचे नाव धन्य म्हणणारा. पण येथून पुढे पान उलटायचे आपण विसरतो. तिसऱ्या अध्यायात काव्य सुरू होते आणि ईयोब आपल्या जन्माच्या दिवसालाच शाप देतो. त्यानंतर एकतिसाव्या अध्यायापर्यंत, मित्रांशी वाद घालत, तो देवाला प्रश्न विचारतो, आपण निर्दोष आहोत असे ठासून सांगतो आणि देवाने समोर येऊन उत्तर द्यावे अशी मागणी करतो. शांत ईयोब दोन अध्याय आणि तक्रार करणारा ईयोब सुमारे वीस अध्याय, असा हिशेब आहे. याकोबाच्या पत्रात ईयोबाच्या धीराची वाखाणणी आहे. तेथील मूळ ग्रीक शब्दाचा भाव ओझ्याखाली टिकून राहणे असा आहे. ईयोब गप्प राहिला नाही, पण तो टिकून राहिला.

त्याचे तीन मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर यांनी सुरुवात फार चांगली केली. ते लांबून आले, त्याच्यासाठी रडले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलू लागले आणि सारे बिघडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : देव न्यायी आहे, तू दुःख भोगतो आहेस, म्हणजे तुझ्याकडून काही तरी पाप घडले असणार. तू कबूल कर म्हणजे सारे ठीक होईल. त्यांची वाक्ये एकेकटी वाचली तर धार्मिकच वाटतात. देवाची बाजू घेत आहोत अशीच त्यांची समजूत होती.

शेवटी देव वादळातून बोलतो. ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. तो ईयोबाला पृथ्वीचा पाया, समुद्राची दारे, तारे, रानशेळ्या, शहामृग आणि युद्धातला घोडा दाखवतो. हे जग ईयोबाच्या दुःखाहून फार मोठे आहे आणि देव त्यातल्या प्रत्येकाची काळजी घेतो. ईयोबाला कारण मिळाले नाही, पण ज्याच्याविषयी आजवर केवळ ऐकले होते तो देव त्याला प्रत्यक्ष भेटला.

आणि मग ४२व्या अध्यायाच्या सातव्या वचनात देव अलीफजला सांगतो की तुझा आणि तुझ्या दोन मित्रांचा मला राग आला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. हे वचन घरी जाऊन पुन्हा वाचा. ज्याने तक्रार केली त्याला देवाने आपला सेवक म्हटले. ज्यांनी देवाची वकिली केली त्यांना ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून त्याच्याकडे पाठवले.

७. आपण कोणाच्या बाजूला?

आपल्यापैकी बहुतेकांवर ईयोब होण्याची वेळ कधी तरी येते. ईयोबाचा मित्र होण्याची वेळ तर वर्षातून अनेकदा येते. अंत्यविधीला, इस्पितळात, सातव्या दिवसाच्या मिस्साला आपण काय बोलतो ते आठवून पाहू या. “देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात.” “देवाची इच्छा, रडू नका.” “घरात प्रार्थना होत नसेल.” “निदान दुसरी मुले तरी आहेत.” हेतू चांगलाच असतो. काही तरी बोलले पाहिजे असे वाटते म्हणून आपण बोलतो. पण लेकरू गमावलेल्या आईच्या कानांवर हे शब्द पडतात तेव्हा तिला ऐकू येते की देवानेच तिचे मूल हिरावले, किंवा तिच्याच चुकीने ते गेले. काही जणी यामुळे चर्चच्या पायरीपासून दूर गेल्या आहेत.

प्रभू येशूने या बाबतीत ईयोबाची बाजू घेतली. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ९) शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही शक्यता नाकारतो. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) शिलोह येथील बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांविषयी तो सांगतो की ते इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते. लाजराच्या कबरेजवळ तो स्वतः रडला. आणि क्रुसावर, प्राण कंठाशी आले असताना, त्याने २२व्या स्तोत्राच्या प्रारंभीचा आक्रोश केला, देवाने आपल्याला का सोडले असे विचारणारा. मत्तय आणि मार्क या दोघांनीही तो नोंदवून ठेवला आहे.

झावळ्यांच्या रविवारी आपण हेच २२वे स्तोत्र प्रतिसाद म्हणून गातो. ते आक्रोशाने सुरू होऊन मंडळीतील स्तुतीने संपते. प्रभूने त्या क्षणी संपूर्ण स्तोत्र मनात धरले होते, असे पुष्कळ भाष्यकार मानतात. ते काहीही असो, देवाच्या पुत्राने आपल्या सर्वांत अंधाऱ्या घटकेत जुन्या विलापस्तोत्राचे शब्द उसने घेतले. मग ते शब्द आपण उच्चारले तर पाप कसे होईल?

शलमोनाचे ज्ञान हे पुस्तक तिसऱ्या अध्यायात सांगते की नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत. अंत्यविधीच्या मिस्सामध्ये हे वाचन आपण ऐकतो. ईयोबाला जी आशा अंधुक दिसली ती येथे उजळली आणि प्रभूच्या पुनरुत्थानात पूर्ण झाली. ही आशा आपण दुःखिताला जरूर सांगावी, पण आधी त्याच्याजवळ बसून, त्याचे सारे ऐकून घेतल्यावर. मित्रांचे ते पहिले सात दिवस आपण विसरू नयेत.

८. घरी करण्यासाठी

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००१ मध्ये आपल्या बुधवारच्या शिकवणीत सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेतील स्तोत्रांवर निरूपण सुरू केले आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ते २००६ मध्ये पूर्ण केले. स्तोत्रे ही सर्व श्रद्धावंतांची प्रार्थना व्हावी ही त्यामागची तळमळ होती. आपणही या आठवड्यात रोज रात्री जपमाळेनंतर एक स्तोत्र सावकाश वाचू या. प्रसंगानुसार निवड अशी करता येईल :

- आजारपणात : स्तोत्र ६, ४१
- भीती वाटते तेव्हा : २७, ९१
- जवळच्या माणसाने दगा दिल्यावर : ५५
- म्हातारपणी : ७१
- झोप येत नाही तेव्हा : ४, ७७
- घरापासून व आपल्या चर्चपासून दूर, परदेशी नोकरीला असताना : ४२, ४३
- आपल्या हातून चूक झाल्यावर : ५१
- दुष्टांची भरभराट पाहून मन जळते तेव्हा : ७३
- देव ऐकत नाही असे वाटते तेव्हा : १३, ८८
- मृतांच्या स्मरणार्थ : १३०

ज्यांना जमेल त्यांनी एका कागदावर स्वतःचे विलापस्तोत्र लिहावे. वर पाहिलेली पाच पावले घ्यावीत. भरवशाचे पाऊल आज लिहिता आले नाही तर तेवढी जागा कोरी ठेवावी आणि कागद बायबलमध्ये घालून ठेवावा. तो कोणाला दाखवण्याची गरज नाही.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. देवाला आपण कोणती गोष्ट आजवर सांगायला घाबरलो आहोत?
२. आपल्या दुःखात कोणाचे शब्द बोचले आणि कोणाच्या नुसत्या सोबतीने बरे वाटले?
३. आपल्या समूहात यंदा कोणाच्या घरी दुःख झाले? महिन्यानंतर, सहा महिन्यांनंतर तेथे कोण जाते?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आमच्या मनात जे आहे ते तुला आधीच ठाऊक आहे. ते तुझ्यापाशी बोलण्याचे धैर्य आम्हांला दे. जे आज तुझ्याशी बोलू शकत नाहीत, त्यांच्या वतीने आमची ही मंडळी तुला हाक मारत आहे. दुःखिताजवळ गप्प बसायला आणि त्याचे ऐकायला आम्हांला शिकव. क्रुसावरून तुला हाक मारणाऱ्या तुझ्या पुत्राच्या, प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने आम्ही हे मागतो. आमेन.